एका शर्यतीच्या मोटारीचा जीर्णोद्धार



जीर्णोद्धार हा शब्द कानीं पडला कीं आपल्या डोळ्यांपुढें एखादें देऊळ, एखादा घाट किंवा बारव उभी राहते. मोटारगाडीचा जीर्णोद्धार म्हटलें तर पुष्कळांना तो एका चांगल्या शब्दाचा अपव्यय वाटेल. मोटार ही वापरावयाची, झिजवावयाची आणि अखेरीस भंगारवाल्याच्या स्वाधीन करावयाची वस्तु, अशीच आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु इंग्लंडांत जुन्या शर्यतीच्या मोटारी राखण्याचा व त्यांना पुन्हां चालत्या करण्याचा उद्योग गेलीं नव्वद वर्षें मोठ्या निष्ठेनें चालला आहे. त्याला स्वतःचें शास्त्र आहे, स्वतःचे पंडित आहेत. आणि पंडित आले म्हणजे मागोमाग वादहि आलेच. असा एक वाद १९९० सालीं लंडनच्या उच्च न्यायालयापुढें गेला. एका मोटारीचे बहुतेक सर्व भाग कालांतरानें बदलले गेले असतां ती मोटार तीच राहते काय, असा तेथें प्रश्न होता. त्या मोटारीची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें.

गाडी बेंटली कंपनीची. ही कंपनी वॉल्टर ओवेन बेंटली यांनीं १९१९ सालीं स्थापन केली व लंडनच्या क्रिकलवुड भागांत तिचा कारखाना होता. बेंटली हे मूळचे रेल्वेचे माणूस. डॉन्कस्टर येथील ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यांत त्यांनीं उमेदवारी केली होती आणि पहिल्या महायुद्धांत विमानांचीं एंजिनें बनविलीं होतीं. रेल्वेचें एंजिन पुष्कळ वर्षें चालावें व तें पुन्हां पुन्हां उघडून दुरुस्त करतां यावें, ही त्या शाळेची शिकवण. ती त्यांच्या मोटारींतहि उतरली. सांगाड्याची पांच वर्षांची हमी ही कंपनी देत असे. १९३१ पर्यंत तिनें एकंदर तीन हजारांच्या आसपास गाड्या बनविल्या. त्यांपैकीं 'स्पीड सिक्स' या जातीच्या अवघ्या १८२.

पुढील कथा समजण्यासाठीं एक गोष्ट आरंभींच ध्यानांत घेतली पाहिजे. त्या काळीं उंची मोटार आजच्यासारखी सबंध तयार मिळत नसे. कारखाना देई तो लोखंडी सांगाडा, एंजिन, चाकें आणि पाटे. तेवढें घेऊन गिऱ्हाईक बग्गी बांधणाऱ्या कारागिराकडे जाई आणि आपल्या आवडीप्रमाणें तिच्यावर उघडी किंवा बंद बॉडी चढवून घेई. कांहीं वर्षांनीं मालकाचें मन फिरलें, किंवा मालकच बदलला, तर जुनी बॉडी उतरवून नवी चढविण्यांत कोणालाहि कांहीं वावगें वाटत नसे. म्हणजे मोटारीचा देह आणि तिचें वस्त्र ह्या तेव्हां अगदीं उघडपणें दोन वस्तु होत्या. शर्यतीच्या बेंटली गाड्यांना व्हॅंडन प्लास या पेढीनें ॲश झाडाच्या लांकडाचा सांपळा करून त्यावर कापड ताणून बसविलेली हलकी बॉडी दिलेली होती. असें लांकूड ओल धरतें आणि सांध्यांत कुजतें, कापड फाटतें. कांहीं वर्षांनीं तें बदलणें हें घराचीं कौलें परतण्याइतकेंच नित्याचें काम होतें.

एंजिनाचीहि तऱ्हा पाहण्यासारखी आहे. सर्वसाधारण मोटारींत सिलिंडर वेगळे आणि त्यांवर बोल्टांनीं आवळलेलें झांकण वेगळें असतें; दोहोंच्या मध्यें गॅस्केटची पातळ चकती असते. शर्यतीच्या ताणाखालीं तीच चकती प्रथम फुटते. बेंटली यांनीं हा रोगच टाळला. त्यांनीं सिलिंडर आणि झांकण मिळून एकच बिडाचा ओतीव ठोकळा केला. फुटावयाला चकतीच राहिली नाहीं. परंतु त्याची किंमत कारखान्यांतल्या कामगाराला मोजावी लागली. व्हॉल्व्ह घासावयाचे झाले कीं, त्यानें साखळी-कप्पी लावून तो सबंध जड ठोकळा वर उचलावा, व्हॉल्व्ह उलट बाजूनें काढावे, घासावे, आणि सहाच्या सहा पिस्टन जपून आंत घेत ठोकळा पुन्हां खालीं उतरवावा. साडेसहा लिटरच्या या एंजिनांत प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह होते आणि दोन ठिणगीचे प्लग. व्हॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा फिरविण्यासाठीं दांत्यांची साखळी नव्हती. रेल्वे एंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यांची आठवण व्हावी असे तीन दांडे वरखालीं होत, आणि आवाज जवळजवळ होत नसे. माणूस पहिल्या गुरूला विसरत नाहीं तो असा.

बेअरिंगांची कथा निराळी. आज घासलेलें बेअरिंग काढून दुकानांतून नवें आणून बसवितात. त्या काळीं बेअरिंगच्या आंत पांढऱ्या धातूचा रस ओतीत. तो थिजला कीं दांड्याला निळा रंग लावून तो आंत फिरवीत. जेथें निळा डाग उमटे तेथें धातु उंच आहे असें समजून धारदार हत्यारानें हातानें खरवडीत. पुन्हां रंग, पुन्हां डाग, पुन्हां खरवडणें. डाग सर्वत्र सारखा उमटेपर्यंत हें चाले. नट-बोल्टांचे आटे इंग्रजी मापाचे. दुसऱ्या मापाचा पाना लावला तर कोपरे गेलेच. अशा गाडीची निगा राखणें म्हणजे तिचा एक एक भाग सतत नवा करीत राहणें होय. साध्या गाडीची ही गोष्ट, मग शर्यतीच्या गाडीची काय सांगावी! प्रत्येक शर्यतीनंतर ती संपूर्ण उघडीत, ज्या भागांत बारीकशी चीर दिसे तो बाजूला टाकीत, आणि पुढच्या वर्षीं चार मैल वेग अधिक मिळावा म्हणून चांगले भागहि बदलीत. जुनेपणा ही शर्यतीच्या गाडीला परवडणारी चैन नव्हे.

आतां प्रस्तुत गाडीकडे येऊं. फ्रान्समधील ल मां या गांवाबाहेरच्या रस्त्यांवर १९२३ पासून चोवीस तासांची शर्यत होत असे. त्या काळांत बेंटलींच्या गाड्यांनीं ती पांच वेळां जिंकली: १९२४, १९२७, १९२८, १९२९ आणि १९३०. त्यांतली १९२७ ची शर्यत विषयाला धरून आहे म्हणून थोडी सांगतों. संध्याकाळीं 'पांढरें घर' नांवाच्या वळणावर गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि बेंटलीच्या तिन्ही गाड्या त्या गर्दींत सांपडल्या. त्यांतली एक तीन लिटरची गाडी डेव्हिस यांनीं कशीबशी बाहेर काढली. सांगाडा वांकलेला, पुढचा आंस वांकडा, एक दिवा फुटलेला. रस्त्यांत दुरुस्ती करावयाची तर चालकानेंच, आणि तीहि गाडींत असलेल्या हत्यारांनीं, असा नियम. बांधाबांध करून डेव्हिस आणि त्यांचे जोडीदार डॉक्टर बेंजाफील्ड रात्रभर धांवत राहिले आणि दुसऱ्या दिवशीं पहिले आले. पुढें लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलांत मेजवानी झाली. तिला ती गाडी, त्याच मोडक्या अवस्थेंत, प्रमुख पाहुणी म्हणून आणून ठेवण्यांत आली होती. त्या रात्रीं तिला रंग लावून चकचकीत करण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं, ही गोष्ट श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावी.

आपली गाडी १९२९ ची. कंपनीला तेव्हां पैसा पुरवीत होते वूल्फ बार्नाटो, किंबर्लीच्या हिऱ्यांवर धनाढ्य झालेल्या बार्नी बार्नाटोचे चिरंजीव. हे गृहस्थ कंपनीचे अध्यक्ष आणि सरे परगण्याच्या क्रिकेट संघाचे यष्टिरक्षक; शर्यतींत गाडी स्वतः चालवीत. ल मांच्या शर्यतींत ते तीनदां उतरले आणि तिन्ही वेळां जिंकले. एवढी अचूक गणना दुसऱ्या कोणा धनिकाच्या छंदाबद्दल क्वचितच देतां येईल! १९२९ च्या जूनमध्यें एक हा क्रमांक लावलेली स्पीड सिक्स घेऊन बार्नाटो आणि सर हेन्री बर्किन निघाले. चोवीस तासांत त्यांनीं सुमारें २८४४ किलोमीटर अंतर तोडलें, आणि त्यांच्या मागें दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या जागीं बेंटलीच्याच गाड्या आल्या. पुढल्या वर्षीं तीच गाडी बार्नाटो आणि ग्लेन किड्स्टन यांनीं चालविली व पुन्हां पहिली आली. अंतर या वेळीं सुमारें २९३१ किलोमीटर. एकाच गाडीनें लागोपाठ दोनदां ही शर्यत जिंकावी हा मोठा पराक्रम होता. तेव्हांपासून तिला 'ओल्ड नंबर वन' म्हणूं लागले. गंमत अशी कीं, दुसऱ्या वर्षीं तिच्या अंगावर आंकडा होता चार. नांव जुनें, आंकडा नवा. आणि त्या दोन शर्यतींच्या मध्यें आंतलें यंत्रहि किती नवें झालें होतें, हें साठ वर्षांनीं न्यायालयांत उघड व्हावयाचें होतें.

१९३१ सालीं मंदीच्या तडाख्यांत बेंटली कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉइसनें ती विकत घेतली. कारखाना गेला, पण ओल्ड नंबर वनची शर्यत थांबली नाहीं. ब्रुकलॅंड्स येथें, सरे परगण्यांत, १९०७ सालीं बांधलेली कॉंक्रीटची शर्यतभूमि होती. तिचीं वळणें भिंतीसारखीं उभीं चढविलेलीं होतीं. तेथील पांचशें मैलांच्या शर्यतीसाठीं गाडीचा सांगाडा बदलला आणि पुढें साडेसहा लिटरच्या जागीं आठ लिटरचें एंजिन बसलें. १९३१ ची शर्यत तिनें जॅक डन्फी आणि सिरिल पॉल यांच्या हातीं जिंकली. २४ सप्टेंबर १९३२ रोजीं ती पुन्हां उतरली. चालक दोघे भाऊ, जॅक आणि क्लाइव्ह डन्फी. क्लाइव्ह चक्रावर असतां गाडी उंच वळणाच्या माथ्यावरून पलीकडे गेली, आणि ते जागच्या जागीं मृत्यु पावले.

गाडी मात्र दुरुस्त झाली. बार्नाटो यांनीं तिला शर्यतींतून काढून रस्त्यावरची गाडी केली व तिच्यावर कूपे पद्धतीची बंद बॉडी चढली. ज्या गाडीनें दोनदां ल मां जिंकलें, तीच आतां छप्पर ओढून सभ्य गृहस्थासारखी रस्त्यानें जाऊं लागली.

यापुढचीं वर्षें जुन्या बेंटलींना वाईट गेलीं. जुनी मोटार म्हणजे पेट्रोल खाणारा पांढरा हत्ती. परंतु १९३४ सालीं जुन्या क्रीडामोटारींच्या शौकिनांनीं व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब स्थापला, आणि १९३६ सालीं बेंटली ड्रायव्हर्स क्लब निघाला. पहिल्या संस्थेनें १९३० च्या अखेरपर्यंतच्या गाड्यांनाच 'व्हिंटेज' म्हणावें असें ठरविलें. हे सभासद सारेच श्रीमंत नव्हते. कोणी भंगारांतून पेटी आणावी, कोणी शेतांतल्या गोठ्यांतून सांगाडा ओढून काढावा, रविवारचा दिवस व्हॉल्व्ह घासण्यांत घालवावा. आज शेंकडों बेंटली जिवंत आहेत त्या या माणसांच्या काळ्या झालेल्या नखांमुळें.

परंतु त्यांच्या प्रेमांत एक दोष होता, आणि तो सांगितलाच पाहिजे. प्रत्येकाला हवी होती ती ल मां जिंकणाऱ्या गाडीसारखी उघडी, हिरवी, कातडी पट्ट्यांनीं बॉनेट आवळलेली बेंटली. वस्तुतः बेंटलीच्या पुष्कळ गाड्यांवर जन्मतः बंद, जड, कुटुंबवत्सल बॉडी होती. त्यांतून डॉक्टर रोग्यांकडे गेले आणि आजीबाई देवळांत गेल्या. त्या बॉडी उतरवून फेंकण्यांत आल्या, कांहीं सांगाडे कापून आंखूड करण्यांत आले, आणि त्यांवर शर्यतीच्या बॉडीच्या नकला चढल्या. परिणामीं आज रस्त्यावर ल मांच्या रूपाच्या ज्या बेंटली दिसतात त्यांची संख्या ल मांला गेलेल्या बेंटलींच्या कितीतरी पट आहे. जीर्णोद्धार म्हणून जें झालें तें अशा ठिकाणीं इतिहासाचें खरवडणें होतें, असें माझें स्पष्ट मत आहे. आपल्याकडेहि जुन्या दगडी देवळावर चकचकीत टाइल्स बसवून वर जीर्णोद्धाराची पाटी लावणारे कांहीं कमी नाहींत. फरक इतकाच कीं, त्यांना नवें रूप हवें असतें आणि यांना जुनें.

ओल्ड नंबर वनहि या लाटेंतून सुटली नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत तिच्या मालकानें तिची बंद बॉडी काढून तिला पुन्हां शर्यतीचें उघडें रूप दिलें. नंतर १९९० च्या एप्रिलमध्यें एका कंपनीशीं तिच्या विक्रीचा करार झाला. किंमत एक कोटि पौंड! पुढें विकत घेणारांनीं हात आंखडला. त्यांचें म्हणणें, ही ओल्ड नंबर वन नव्हेच; तिच्यांत जुनें उरलें आहे काय? विकणारा न्यायालयांत गेला.

येथें मला राहवत नाहीं म्हणून थोडें विषयांतर करतों. हा कज्जा दोन हजार वर्षांपूर्वींच आपल्या देशांत एकदां चालला आहे. पालि भाषेंतील मिलिंदपञ्ह या ग्रंथांत ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षु नागसेन यांचा संवाद आहे. राजा रथांत बसून आला होता. नागसेन त्याला विचारतो कीं, दांडी म्हणजे रथ काय? आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळीं नाहीं म्हणतो. मग रथ आहे तरी कोठें? अखेर राजाच कबूल करतो कीं, या सर्व भागांच्या आश्रयानें 'रथ' हें केवळ व्यवहाराचें नांव पडलें आहे. ग्रीक लोकांतहि प्लुटार्कनें थीसियसच्या गलबताची अशीच गोष्ट सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनीं त्याची कुजलेली फळी काढून नवी बसवीत तें राखलें, आणि तत्त्वज्ञांनीं त्यावर वाद घातला. पण गलबतापेक्षां रथाचा दाखला मोटारीला जवळचा! नागसेनाला हवें होतें तें 'मी' या कल्पनेचें निरसन; न्यायमूर्तींना मात्र एक कोटि पौंडांचा निकाल द्यावयाचा होता.

न्यायमूर्ति ऑटन यांच्यापुढें तज्ज्ञाची जी साक्ष झाली ती मोठी मनोरंजक आहे. १९२९ च्या विजयी गाडींतलें, कांहीं किरकोळ सामान सोडल्यास, कांहींच उरलें नाहीं. १९३० च्या विजयी गाडीचे तीन भाग शिल्लक: पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचें कवच आणि स्टिअरिंगचा स्तंभ. पण १९३२ च्या, म्हणजे अपघाताच्या गाडीचें बरेंच कांहीं आहे: सांगाडा, पाटे, पुढचा आंस, आठ लिटरचें एंजिन, कांहीं घड्याळें. म्हणजे पाहा, लोक ज्या विजयांसाठीं तिला पाहावयास जातात त्या विजयांचें लोखंड एका टोपलींत मावेल. आणि जें भरभक्कम जुनें लोखंड तिच्यांत आहे तें क्लाइव्ह डन्फीच्या शेवटच्या फेरीचें आहे.

न्यायमूर्तींनीं निकाल विकणाराच्या बाजूनें दिला. त्यांची विचारसरणी अशी: या गाडीला 'मूळची' म्हणतां येणार नाहीं, कारण मूळचे भाग तिच्यांत नाहींत. तिला पुनर्जन्म पावलेली म्हणावें तर ती कधीं मेलेलीच नाहीं; अपघातानंतरहि ती मोडीत निघाली नव्हती. भाग बदलले ते शर्यतीच्या चार हंगामांत, एकामागून एक, आणि प्रत्येक नवा भाग येतांच गाडीचा होऊन गेला. जगांत दुसरी कोणतीहि बेंटली या नांवावर हक्क सांगूं शकत नाहीं. विक्रीला होती ती धातु जितकी, तितकीच कीर्ति आणि तो इतिहास. सबब ही खरी ओल्ड नंबर वन आहे.

मराठ्यांच्या इतिहासाचा नाद असलेल्या श्रोत्यांना हा वाद परका वाटूं नये. आपण कागद पाहतों तेव्हां अस्सल, नक्कल आणि बनावट असे तीन भेद करतों. अस्सल म्हणजे मूळ हातचा कागद. नक्कल म्हणजे त्यावरून उतरविलेला; त्यांत प्रामाणिकपणा असूं शकतो, आणि मूळ नष्ट झालें असतां त्याला मोठें मोल असतें. बनावट म्हणजे फसविण्यासाठीं केलेला. शर्यतीची मोटार या तीन खान्यांत बसत नाहीं. ती चार कारकुनांनीं चार वेळां खाडाखोड करून, त्याच बंदावर पुढें लिहीत नेलेल्या वहीसारखी आहे. अशा वहीला नक्कल म्हणतां येत नाहीं. पण पहिल्या कारकुनाचें अक्षर पाहावयाला गेलें तर तेंहि मिळत नाहीं.

न्यायमूर्तींचा निकाल मला विक्रीपुरता पटतो. करार पाळला गेला पाहिजे, आणि ओल्ड नंबर वन या नांवानें ओळखली जाणारी गाडी तीच एक होती. परंतु अखंड इतिहास हीच जर तिची ओळख, तर त्या इतिहासांतला बंद बॉडीचा काळ पुसून टाकण्याचा अधिकार कोणाला होता? बार्नाटोनें छप्पर चढविलें तेंहि त्याच इतिहासाचें एक पान होतें. १९२७ ची वांकलेली गाडी सॅव्हॉयमध्यें वांकलेलीच ठेवणाऱ्या लोकांना जें कळलें होतें, तें त्यांच्या नातवांच्या पिढीला कळूं नये, याचें वाईट वाटतें.

उलट बाजूचेंहि एक उदाहरण आहे. १९३० च्या मार्चमध्यें बार्नाटो यांनीं शंभर पौंडांची पैज लावली कीं, कान शहराहून निघणारी 'ब्लू ट्रेन' कॅले बंदराला पोंचण्यापूर्वीं आपण मोटारीनें लंडन गांठूं. त्यांनीं तें गांठलें, आगगाडीच्या चार मिनिटें अगोदर. ही दौड ज्या गाडीनें केली म्हणून पुढें अनेक वर्षें प्रसिद्ध होती ती गर्नी नटिंग या कारागिरांनीं बांधलेली एक डौलदार कूपे. चित्रकार टेरन्स क्यूनिओ यांनीं आगगाडीशेजारीं धांवतांना तिचेंच चित्र काढलें. पुढें नोंदी तपासल्या तेव्हां आढळलें कीं, ती कूपे दौडीनंतर, मे महिन्यांत तयार झाली. शर्यत केली होती ती एका साध्या बंद बॉडीच्या स्पीड सिक्सनें. येथें लोखंड सगळें खरें होतें, पण गोष्ट चुकीच्या गाडीला चिकटली होती.

अलीकडे बेंटली कंपनीनें या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला आहे. २०१९ सालीं तिनें जाहीर केलें कीं, बर्किन यांच्या १९२९ च्या 'ब्लोअर' गाडीचा प्रत्येक भाग सुटा करून, मापून, तशा बारा नव्या गाड्या बांधावयाच्या. त्यांचे सांगाडे गरम रिव्हेटांनीं जोडण्याचें काम वाफेच्या एंजिनांचे बॉयलर बनविणाऱ्या दोनशें वर्षांच्या एका पेढीनें केलें. हातकसब टिकलें ही त्यांतली खरोखर आनंदाची गोष्ट. २०२२ सालीं तशाच बारा स्पीड सिक्स गाड्यांची घोषणा झाली, आणि त्यांसाठीं नमुना धरला तो १९३० च्या ल मांच्या गाडीचा. म्हणजे १९३० च्या विजयी गाडीचें तंतोतंत रूप या नव्या बारा गाड्यांत पाहावयास मिळतें, आणि त्या रूपानें ल मांच्या रस्त्यावर प्रत्यक्ष धांवलेला गिअरबॉक्स मात्र तेराव्या, जुन्या गाडींत आहे.

जीर्णोद्धार करणारांनींहि आतां कांहीं नियम बांधून घेतले आहेत. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें २०१२ सालीं ट्यूरिनची सनद मान्य केली. इमारतींच्या रक्षणासाठीं १९६४ सालीं झालेल्या व्हेनिसच्या सनदेवर ती बेतलेली आहे. तिचा रोख असा कीं, शक्य तेथें राखावें. अटळ असेल तेथेंच बदलावें. गाडीच्या आयुष्यांत पुढें झालेले फेरफारहि इतिहासाचा भाग मानावे. आणि जो भाग नवा बसवाल त्यावर कायमची, सहज ओळखूं येईल अशी खूण करून त्याची नोंद ठेवावी. यांतलें शेवटचें कलम मला सर्वांत मोलाचें वाटतें. लांकूड कुजणारच आणि पांढरा धातु झिजणारच; तो बदलावा. पण कोणत्या सालीं, कोणाच्या हातानें, कां बदलला, हें लिहून ठेवावें. देवळाचा खांब बदलणाऱ्या गवंड्यानें खांबाच्या पायाशीं शक कोरावा, तसें.

ओल्ड नंबर वनच्या बाबतींत ही नोंद व्हावयाला कज्जा व्हावा लागला. न्यायालयाच्या दफ्तरांत ती आतां पाहावयास सांपडते: पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचें कवच व स्टिअरिंगचा स्तंभ, सन १९३०, सांगाडा, पाटे, पुढचा आंस व एंजिन, सन १९३२.